कुकरची रिंग सापडत का नाही? वस्तूंच्या माहितीच्या प्रमाणीकरणाबद्दल

कराडची लेक

नमस्कार मंडळी. कराडात आमचं भांड्यांचं दुकान आहे, आजोबांनी घातलेलं. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गल्ल्यावर मी बसते.

गेल्या महिन्यात उंब्रजकडच्या एक आजी कुकरचं झाकण पिशवीत घालून आल्या. नातवानं पुण्याहून तीनदा ऑनलाइन रिंग मागवून दिली होती, तिन्ही बसल्या नाहीत. दर वेळी त्यानं 'पाच लिटर कुकर रिंग' असंच शोधलं होतं आणि दर वेळी पानावर 'पाच लिटर कुकरसाठी' असंच लिहिलेलं होतं. पोराची काही चूक नव्हती. मी झाकणाला पट्टी लावली, मागच्या खणातून रिंग काढली, बसली. दोन मिनिटांचं काम.

त्या रात्री मी एका मोठ्या विक्री-संकेतस्थळावर बसून एकामागून एक रिंगांची पानं उघडत गेले. रंग होता, 'प्रीमियम क्वालिटी' होतं, 'बेस्ट फॉर किचन' होतं. व्यास मिलिमीटरमध्ये दिलेली पानं बोटांवर मोजण्याइतकी. झाकण आत जाऊन बसणारं की वरून बसणारं, हेही बहुतेकांनी सांगितलेलं नाही. रिंग बसते कुकरच्या तोंडाला, पोटाला नाही. तोंड तेवढंच ठेवून भांडं उंच केलं की लिटर वाढतात, रिंग तीच राहते. म्हणजे सगळ्यांनी जी माहिती भरली आहे ती निरुपयोगी, आणि जी हवी ती कुणीच भरलेली नाही.

हे आता माझ्याच अंगावर आलं आहे. दुकानाचा माल आमच्या स्वतःच्या साइटवर टाकायला घेतलाय. नगांची यादी करायला बसले तर एकच पातेलं तीन व्यापाऱ्यांच्या बिलावर तीन नावांनी: 'एसएस टोप १४ नं', 'टोप १४ हेवी', 'स्टील पातेले १४'. बरं, एका कारखान्याचा १४ नंबर दुसऱ्याच्या १४ नंबराएवढाच असेल असंही नाही. आम्ही दुकानात हाताच्या अंदाजानं देतो. गिऱ्हाईक समोर असतं, ते झाकण लावून बघतं. संगणकावर शोधणाऱ्याच्या हातात काय असतं?

याउलट घड्याळातला बटणसेल बघा. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. माप नावातच आहे. कुठल्याही कंपनीचा घ्या, बसतो. भांड्यांना असं काही करता येईल का? माहितीचे कोणते रकाने ठेवावेत, काही सर्वमान्य पद्धत आहे का? जाणकारांनी सांगावं. बिलावरचा एचएसएन कोड चालेल का, हाही एक प्रश्न आहे.

सुतारपक्षी

ताई, फार चांगला धागा. मी वेबसाइटींचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एचएसएन. तो कोड कर ठरवण्यासाठी आहे. पहिले सहा आकडे जगभर एक, पुढचे दोन आपल्याकडचे. तुमची स्टीलची सगळी घरगुती भांडी ७३२३ खाली येतील, ॲल्युमिनियमची ७६१५, तांब्याची ७४१८. पातेलं, परात, डबा सगळं एकाच कोडात. कर आकारायला पुरतं, शोधायला नाही. पण बिलावर आहेच तर एक रकाना त्याचाही ठेवा.

तुम्ही विचारताय ती सर्वमान्य पद्धत आहे. तिचं नाव स्कीमा डॉट ऑर्ग. २ जून २०११ ला गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ती जाहीर केली. त्याच वर्षी रशियाचं यांडेक्सही त्यात आलं. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या शोधयंत्रांनी एवढ्या एका गोष्टीवर एकमत केलं: पानावर काय आहे ते यंत्राला कळेल अशा ठरावीक शब्दांत सांगायचं. त्याआधी २००८ मध्ये मार्टिन हेप या जर्मनीतल्या प्राध्यापकांनी 'गुडरिलेशन्स' नावाचा खास व्यापारासाठीचा शब्दसंग्रह तयार केला होता. २०१२ मध्ये तो स्कीमात सामावून घेतला गेला. आज आपण जे वापरतो त्यातला वस्तू, देकार (म्हणजे ऑफर), किंमत, विक्रेता हा सगळा भाग बराचसा त्यांच्या कामावर उभा आहे.

प्रत्यक्षात काय करायचं? प्रत्येक वस्तूच्या पानात, माणसाला न दिसणारा एक छोटा मजकूर असतो, जेसन-एलडी नावाच्या मांडणीत. त्यात नाव, ब्रँड, बारकोडचा नंबर, कंपनीचा मॉडेल नंबर, साहित्य, रंग, माप, किंमत, चलन, माल शिल्लक आहे की नाही, असे ठरलेले रकाने भरायचे. मापाचं एकक लिहायलाही संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले ठरलेले कोड आहेत: मिलिमीटरला 'एमएमटी', किलोग्रॅमला 'केजीएम', लिटरला 'एलटीआर'. त्यामुळे कुणी 'एमएम' लिहिलं, कुणी 'मि.मी.' लिहिलं, असा गोंधळ राहत नाही.

आणि तुमच्या रिंगेसाठी तर खास रकाना आहे! 'इज ॲक्सेसरी ऑर स्पेअर पार्ट फॉर', म्हणजे हा सुटा भाग कोणत्या वस्तूचा. तिथे कुकरचं मॉडेल दिलं की 'अमुक मॉडेलची रिंग' असा शोध नेमका त्याच रिंगेवर नेता येतो. इतकी वर्षं तो रकाना तिथे आहे आणि सुटे भाग विकणारे बहुतेक जण तो रिकामा सोडतात.

शंकेखोर

सगळं ठीक आहे, पण आता एआयच्या काळात या सगळ्या रकान्यांची गरज उरली आहे का? मी परवा मोबाइलला तोंडी विचारलं, 'चकल्या करायचं यंत्र दाखव', तर त्यानं बरोबर सोऱ्या दाखवला. यंत्रच समजून घेणार असेल तर छोट्या दुकानदारानं रात्री जागून एक्सेल का भरायची? शिवाय मानकं ठरवतात मोठ्या कंपन्या, आणि ती पाळण्याचा खर्च पडतो लहानांवर. हा माझा खरा आक्षेप आहे.

कराडची लेक

शंकेखोर, चकलीचं यंत्र म्हणजे सोऱ्या हे त्याला कळलं, कारण कुणीतरी कुठेतरी ते लिहून ठेवलं होतं. आजींच्या झाकणाचा व्यास कुणीच लिहिला नव्हता. तो एआयनं आणायचा कुठून? अंदाजानं सांगितला तर चौथी चुकीची रिंग येईल. शब्दांचे अर्थ यंत्र जुळवेल, पण मोजमाप कुणीतरी एकदा पट्टी लावून करायलाच हवं. आणि ते सगळ्यात नीट आम्ही दुकानदारच करू शकतो, माल आमच्या हातात असतो.

खर्चाचा मुद्दा मात्र पटतो. बारकोडचं काय असतं, त्याला किती खटाटोप?

ग्रंथपाल

मी निवृत्त ग्रंथपाल. बारकोडबद्दल माझ्या बाजूनं लिहिते, कारण पुस्तकांच्या जगात हे काम बाकीच्या व्यापाराच्या आधीच सुरू झालं होतं.

आधी थोडा इतिहास. बारकोडचं पेटंट अमेरिकेत १९५२ साली नॉर्मन वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना मिळालं. वुडलंड यांनी लहानपणी मोर्स कोड शिकला होता. मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बोटं ओढताना, टिंब आणि रेघा खाली लांबवल्या तर जाड-बारीक पट्टे होतील, असं त्यांना सुचलं. पण ते दुकानात यायला २२ वर्षं लागली. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं एक पाकीट स्कॅन झालं, ती पहिली विक्री. मधल्या काळात अडलं होतं ते दोन ठिकाणी: वाचायला स्वस्त लेझर आणि संगणक नव्हते, आणि कोणता नंबर कुणाचा यावर किराणा व्यापाऱ्यांचं एकमत नव्हतं. माझ्या मते दुसरं जास्त अवघड होतं.

पुस्तकांचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, २००७ पासून १३ आकडी झाला आणि ९७८ हा आरंभ लावून थेट बारकोडच्या जगात बसला. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. तरीही मराठी पुस्तकं ऑनलाइन शोधताना जीव मेटाकुटीला येतो. एकच कादंबरी देवनागरीत एकदा, रोमनमध्ये चार स्पेलिंगांनी. लेखकाचं आडनाव कधी आधी, कधी नंतर. आवृत्ती कितवी याचा पत्ता नाही. पानावर आयएसबीएन दिला असता तर यातली निम्मी कटकट मिटली असती, कारण नंबराला स्पेलिंग नसतं. आमच्या ग्रंथालयात तालिकेत 'हेही पाहा' अशी नोंद असायची: वाचक कोणत्याही नावानं आला तरी त्याला योग्य खणापाशी नेऊन सोडायचं. ताई, तुमच्या दुकानाच्या यादीला तेच हवं आहे.

गोधडी

आमचा महिला बचत गट आहे, सोलापूर जिल्ह्यात. शेंगाची चटणी, ज्वारीच्या पापड्या, कडक भाकरी. एकानं आम्हाला सांगितलं, बारकोडशिवाय ऑनलाइन काहीच विकता येत नाही, आणि दोनशे रुपयांत दहा बारकोड देतो म्हणाला. घ्यावेत का? कृपया कुणी नीट सांगा, आमच्याकडे पैसे मोजके आहेत.

खोका आणि टेप

गोधडी ताई, घेऊ नका, थांबा. पॅकेजिंगमध्ये माझी वीस वर्षं गेली आहेत.

बारकोडच्या रेघा कुणीही छापू शकतो. मोल असतं ते नंबर कुणाच्या नावावर आहे याला. भारतात हे नंबर जीएस१ इंडिया ही संस्था देते, त्यांची सुरुवात ८९० नं होते. एक गैरसमज इथेच दूर करतो: ८९० म्हणजे 'भारतात बनलेलं' नव्हे, 'भारतात नोंदलेल्या कंपनीचा नंबर' एवढंच. स्वस्तात विकणाऱ्याचा नंबर बहुधा दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघतो. उद्या मोठ्या दुकानानं नोंद तपासली तर तुमची चटणी तिसऱ्याच कंपनीची दिसेल.

नंबर कुणाचा हे त्यातून कळत नाही, पण तो टंकताना चुकला का, हे घरीच तपासता येतं. नमुना म्हणून ८९०१२३४५६७८९० घ्या. शेवटचा आकडा सोडून डावीकडून एकाआड एक आकडे: ८, ०, २, ४, ६, ८, बेरीज २८. उरलेले ९, १, ३, ५, ७, ९, बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जायला किती हवेत? शून्य. म्हणून शेवटचा आकडा शून्य. एखादा आकडा चुकला की हा हिशेब लगेच बिघडतो.

आणि हो, २०० ग्रॅमची चटणी व ५०० ग्रॅमची चटणी यांना वेगळे नंबर लागतात. पुढे २०० चं १८० ग्रॅम केलंत तरी नवा नंबर. हा नियम मला फार आवडतो, कारण पाकीट तेवढंच दाखवून वजन कमी करणं नंबराच्या पातळीवर तरी लपत नाही.

सध्या गावातल्या दुकानांत आणि स्वतःच्या पानावर विकत असाल तर बारकोड नसला तरी चालतं. हातानं बनवलेल्या मालाला नंबर नाही असं सांगायची सोय मोठ्या शोधयंत्रांच्या खरेदी-विभागातही असते. पाकिटावरची माहिती मात्र सोडू नका. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे पाकिटावर लागतंच. खाण्याचा माल आहे, तेव्हा अन्न परवान्याचा नंबरही. आणि जानेवारी २०१८ पासून यातली बहुतेक माहिती ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दाखवणं बंधनकारक आहे. हेच तुमचे पहिले रकाने.

गोधडी

दादा, खूप उपकार झाले. आजच सगळ्याजणींना वाचून दाखवते. दोनशे रुपये वाचले.

सावंतवाडीकर

ग्रंथपालबाईंनी नावांचा विषय काढला म्हणून. माझी आई बिडाच्या तव्याला भिडं म्हणते. मी मुंबईत भिडं शोधलं, काहीच नाही. 'कास्ट आयर्न' लिहिलं तर ढीगभर. विळीला आमच्याकडे आडाळो म्हणतात. नागपूरच्या मित्राला कोथिंबीर हवी असते तेव्हा तो सांबार मागतो. मुरमुरे, चुरमुरे, कुरमुरे हे तर सगळ्यांना माहीत आहे. प्रमाणीकरण म्हणजे यातला एक शब्द ठेवून बाकीचे पुसायचे, असं होणार असेल तर माझा विरोध आहे. आईनं तिच्या शब्दानं शोधलं तरी तिला तवा मिळाला पाहिजे.

सुतारपक्षी

सावंतवाडीकर, अगदी बरोबर आणि तुमचा शब्द पुसायची काही गरज नाही. प्रमाण ठेवायचं ते ओळख-क्रमांकाला आणि मापांना. नावं हवी तेवढी द्या. स्कीमात 'पर्यायी नाव' असा रकाना आहेच, त्यात भिडं, बिडाचा तवा, कास्ट आयर्न तवा हे तिन्ही बसतात, आणि नाव मराठी आहे हेही 'एमआर' या भाषा-कोडनं सांगता येतं. पण तीच नावं पानावर माणसाला दिसतील अशीही लिहा. यंत्राला एक आणि गिऱ्हाइकाला दुसरंच सांगणं शोधयंत्रांच्या नियमात बसत नाही, आणि बसू नयेच.

मराठीत अजून एक अडचण आहे, ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त घातक. 'सोऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: काही कळफलक 'ऱ' या वेगळ्या अक्षराला हलंत लावतात, काही साध्या र ला हलंत आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. सुऱ्यांचंही तेच. 'ॲल्युमिनियम'मधला ॲ तर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरयादीत, स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. त्याआधीच्या सवयीनं तो आजही अ वर चंद्र ठेवून लिहिला जातो. ताई, साइट बनवणाऱ्याला सांगा की शोधाच्या आधी दोन्ही रूपं एक करून घे. दोन ओळींचं काम आहे, पण कुणी सांगितलं नाही तर कुणी करत नाही.

मठार

मी पुण्याच्या तांबट आळीतला. आमच्याकडे तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं मठारकाम होतं. एकसारखे दोन तांबे आमच्या हातून होत नाहीत आणि व्हावेत अशी इच्छाही नाही. ऑनलाइन विकणारे मात्र 'उंची किती, वजन किती, फोटोतलाच येईल का' असं विचारतात. प्रमाणीकरणात आमच्यासारख्यांचं काय होणार, ही भीती वाटते.

खोका आणि टेप

मठारदादा, नग सारखे असण्याची अटच नाही, माहिती देण्याची पद्धत सारखी हवी. 'धारण क्षमता सुमारे ९५० मिलिलिटर, वजन ६२० ते ६८० ग्रॅम, आतून कल्हई आहे किंवा नाही, हातोडीचं काम' असं लिहिलंत की झालं. वजनाचा पल्ला देणं हाच तुमच्या हातकामाचा पुरावा. यंत्रावर ओढलेल्या तांब्याचा असा पल्ला नसतो. कल्हईचा रकाना तर नक्की ठेवा. आंबट पदार्थ कशात ठेवायचे नाहीत, हे नव्या पिढीला कुणी सांगितलेलं नाही.

शंकेखोर

कराडच्या ताईंचं म्हणणं मान्य. जे लिहिलंच नाही ते सापडणार नाही, हे डोक्यात शिरलं. एक आक्षेप मात्र कायम ठेवतो. मोठी विक्री-संकेतस्थळं स्वतःचेच अंतर्गत क्रमांक वापरतात. मी तिथे वर्षभर नीट भरलेली माहिती दुसरीकडे नेता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून भरा. मग मेहनत कुणासाठी?

सुतारपक्षी

म्हणूनच मूळ यादी स्वतःकडे ठेवायची, स्वतःच्या साइटवर किंवा साध्या एक्सेलमध्ये, आणि तिथून सगळीकडे पाठवायची. उलट करायचं नाही. सरकारच्या पुढाकारानं २०२१ च्या शेवटी ओएनडीसी ही कंपनी स्थापन झाली ती याच विचारानं: विकणारा एका ॲपवर, घेणारा दुसऱ्यावर, मध्ये बोलायची भाषा एक. तिच्या मुळाशी बेकन नावाचा खुला प्रोटोकॉल आहे. पण तिथेही माल शोधात वर यायचा तर वर्णन नीट भरलेलं लागतंच. रस्ता सगळ्यांचा झाला तरी गाडीत माल आपणच भरायचा.

कराडची लेक

मंडळी, आठवडाभर लिहायला जमलं नाही, पण काम सुरू होतं. बाबांना खुर्चीत बसवून मापं विचारत गेले, माझा भाऊ पट्टी आणि काटा घेऊन. त्यांना कुठलाही नंबर विचारा, पाठ आहे. आधी पातेली घेतली. आता 'टोप १४ नं' हे फक्त पर्यायी नावात आहे. मुख्य रकाने असे ठरले: तोंडाचा आतला व्यास, उंची, काठोकाठ किती लिटर, तळाची जाडी, वजन, स्टीलचा ग्रेड साधा २०२ की गंजाला जास्त टिकणारा ३०४, गॅसवर आणि इंडक्शनवर चालतं का, कोणतं झाकण बसतं. शेवटचा रकाना बाबांनी सुचवला. म्हणाले, बाई पातेलं घ्यायला येते तेव्हा झाकण घरात आहे का, हे आधी आठवत असते.

ग्रेडच्या रकान्यानं घरात चर्चा झाली. काही मालाच्या बिलावर ग्रेडच नाही. बाबा म्हणाले, माहीत नाही तर 'माहीत नाही' लिही, ३०४ लिहू नकोस. तसंच ठेवलं आहे. व्यापाऱ्याला आता ग्रेड लिहून मागते.

कुकर आणि रिंगा मात्र अडल्या आहेत. कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्यामुळे त्याच्यावर मॉडेल वगैरे नीट छापलेलं असतं. अडचण जुन्या कुकरांची, ज्यांच्यावरचं सगळं घासून गेलंय. अशा वेळी गिऱ्हाइकाला घरी काय मोजायला सांगू? जुनी रिंग मोजा म्हटलं तर आतून मोजायची की बाहेरून?

खोका आणि टेप

जुनी रिंग मोजायला सांगू नका, ती वापरून ताणलेली किंवा आक्रसलेली असते. झाकण मोजायला सांगा. वरून बसणारं झाकण असेल तर उलटं करून, रिंग काढून, खोबणीच्या एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत. आत जाणारं असेल तर रिंग जिथे चढते त्या कडेचा व्यास. पट्टी मध्यातून जाते ना हे बघायला दोनदा, आडवं आणि उभं मोजायचं, मोठा आकडा घ्यायचा. आणि सेंटिमीटरमध्ये नाही, मिलिमीटरमध्येच.

कराडची लेक

धन्यवाद दादा. हेच शब्द रिंगेच्या पानावर चित्रासह टाकते. आजींचं झाकण मोजलेला कागद अजून गल्ल्यात आहे, पहिली नोंद त्याचीच करते.